पहिली हाळी वाऱ्याची

वाघजाईच्या पठारावर वारा असा की तिथं बोललेला पहिला शब्द समोरच्याला कधी पोचायचाच नाही. म्हणून तिथल्या धनगरांची एक रीत पडून गेलेली. लांबच्या माणसाला हाक मारायची तर नाव दोनदा घ्यायचं. पहिली हाळी वाऱ्याची, दुसरी माणसाची. वाऱ्याच्या तोंडात त्याचा घास टाकला की तो गप बसतो, मग काय बोलायचं ते बोलावं. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकायची.

सोनबा ढेबे त्याच पठारावर जन्मला, तिथंच म्हातारा झाला. मेंढरं गेली, वाड्या रिकाम्या झाल्या, माणसं खाली उतरली ती उतरलीच. वर राहिल्या पवनचक्क्या आणि त्यांना राखणारा सोनबा. चक्क्या आपल्या आपण वाऱ्याकडं तोंड फिरवायच्या, आपल्या आपण थांबायच्या. पण कंपनीच्या कायद्यात कुठंतरी लिहिलेलं होतं की डोळ्यांनी बघणारा एक जिता माणूस जागेवर पाहिजे. तो जिता माणूस म्हणजे सोनबा. दिवसभर पात्यांखालनं फिरायचं, आवाज ऐकायचा, संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत येऊन भाकरी थापायची. बोलायला समोर चूल.

बायको जाऊन बराच काळ झाला होता. एक लेक, रेश्मा. आई गेल्यावर ती बापाला म्हणाली, "दादा, माझ्याबरोबर खाली चल. इथं मेलास तर कुणाला कळायचं पण न्हाई."

सोनबा म्हणाला, "माझं पठार सोडून मी कुठं येनार न्हाई."

"पोरगी सुटली तर चालंल?"

सोनबा गप्प. हट्टी माणूस गप्प बसला की ते नाही म्हणण्यापेक्षा वाईट असतं. रेश्मानं पिशवी उचलली आणि दारातनं म्हणाली, "मग त्या पंख्यान्लाच पोरी म्हण. त्या जेवायला वाढतील तुला." आणि उतरून गेली. त्यानंतर तिचा निरोप नाही, ह्याचा पण नाही. दोघं एकाच मातीची ढेकळं, आधी कोण फुटणार?

त्या दिवसांत सावल्या निघाल्या होत्या. सावली म्हणजे काय, तर माणसाचे जुने निरोप यंत्राला घालायचे. यंत्र ते चघळतं, माणसाची बोलायची तऱ्हा उचलतं, आणि मग त्याच्यासारखं बोलायला लागतं. गेलेल्या माणसांच्या सावल्या तर घरोघर झालेल्या. सोनबाची पोर गेलेली नव्हती, रुसलेली होती. पण रिकाम्या खोलीला ह्यातला फरक कुठं कळतो? त्यानं रेश्माच्या शाळा-कॉलेजातल्या निरोपांची सावली करून घेतली. मोबाईलमध्ये ती रेश्माच्याच नावाखाली जाऊन बसली.

पठारावर रेंज पातळ. आवाज चढायचा नाही, नुसती अक्षरं चढायची. मग मोबाईलच ती अक्षरं वाचून दाखवायचा, ज्याचा निरोप त्याच्या आवाजात. सावली बोलायची, "दादा, जेवलास का?" अगदी रेश्माच्या गळ्यातनं. सोनबा चुलीपुढं बसून म्हणायचा, "जेवतोय गं, बस." बरं वाटायचं.

पण एक खडा होता. सरकारनं कायदा केलेला, यंत्राच्या तोंडचं प्रत्येक वाक्य कपाळावर टिळा लावूनच बाहेर पडलं पाहिजे. लोक भुलू नयेत म्हणून. त्यामुळं प्रत्येक वेळी मोबाईल आधी खरखरीत आवाजात सांगायचा, "हा आवाज यंत्राचा आहे." आणि मग रेश्मा म्हणायची, "दादा, जेवलास का?" घासाघासाला खडा. सोनबाला वाटायचं, कुणीतरी पाठीमागं उभं राहून दर वेळी टपली मारतंय, तुझी पोर नव्हे ही, तुझी पोर नव्हे.

शेवटी बाजाराच्या दिवशी तो पाटणला उतरला आणि मुनीराच्या दुकानात गेला. मुनीरा मोबाईल दुरुस्त करायची. चाळिशीची बाई, तोंडानं फटकळ, हातानं हलकी.

"मुनीरा, ह्यो टिळा काढ."

"काका, कायद्यानं बंदी आहे."

"कायद्याला म्हणावं माझ्यासंगं वर येऊन जेवायला बस. मंग ऱ्हाऊ दे टिळा."

मुनीरानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग शटर अर्धं खाली ओढलं. समोर काचेच्या बरणीत दुरुस्तीचे बारीक स्क्रू होते, ते तिनं टेबलावर एका रांगेत मांडले.

"हे बघा. यंत्राच्या लेखी निरोप म्हणजे अक्षरांची माळ. हे पुढचे स्क्रू टिळ्याचे, मागचे तुमच्या पोरीच्या बोलण्याचे. पुढचे काढले की टिळा गेला. सोपं काम. शहाणी कात्री कशी असते, आधी बघते की पुढं टिळाच आहे ना. असला तर कापते, नसला तर माळ तशीच सोडते."

"मंग बशीव ती शहानी कात्री."

"नाही बसत. टिळ्यातली अक्षरं दर वेळी बदलतात, कुणी नक्कल करू नये म्हणून. ती ओळखणारा भाग कंपनीच्या कुलपात. त्याला विचारायला गेलं की तो लगेच बोंबलतो, हा आवाज यंत्राचा आहे! मला एवढंच ठाऊक की अक्षरं कुठलीही असू देत, टिळ्याची लांबी कायम एकच. म्हणून मी बसवीन ती आंधळी कात्री. दारात उभी राहील. आत येणाऱ्या प्रत्येक माळेचे पुढचे तेवढे मणी उडवील. बघणार नाही, विचारणार नाही."

"झ्याक की."

"झ्याक कसलं! उद्या खऱ्या माणसाचा निरोप आला तर त्याला टिळा नसणार. पण कात्री त्याचंही मुंडकं उडवील."

सोनबा हसला. खोकल्यासारखं हसला. "मुनीरा, मला कंपनीचा हुकूम येतो तो यंत्राचा. बँकेचा येतो तो यंत्राचा. दिवाळीच्या शुभेच्छा येतात त्या पन यंत्राच्या. खरं मानूस हाय कोन मला निरोप धाडनारं?"

मुनीरानं मोबाईल हातात घेतला. कात्री बसवून दिली. मोबाईल परत देताना एवढंच म्हणाली, "मी मोबाईल दुरुस्त करते काका, काळीज नाही."

कात्री बसली आणि सोनबाचे दिवस गुळगुळीत झाले. खडा गेला. रेश्मा सकाळी उठवायची, दुपारी उन्हात फिरू नको म्हणायची, संध्याकाळी जेवणाचं विचारायची. कधी भांडायची नाही. कधी टोमणा नाही. पठार सोड म्हणायची नाही. आणि मधनंच म्हणायची, "दादा, सोमवारी येते हं." कारण कॉलेजात असताना दर आठवड्याला तिनं तेच कळवलेलं होतं. यंत्रानं ते तसंच उचललेलं.

पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा सोनबा खरंच उंबराच्या फाट्यावर जाऊन बसला. पठाराची वाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते तो हा फाटा. एक उंबराचं झाड, एक शेवंताबाईची चहाची टपरी. एसटी येऊन गेली, दुसरी येऊन गेली. शेवंताबाई म्हणाली, "कुनाची वाट बघतोस रं?" सोनबा म्हणाला, "कुनाची न्हाई, वारा खातोय." पठारावरचा माणूस वारा खायला खाली उतरलाय म्हटल्यावर ती काय समजायची ते समजली. त्यानंतर रेश्मा सोमवारी येते म्हणाली की तो म्हणायचा, "ये की. कोंबडं कापतो." आणि जागचा हलायचा नाही.

असं चाललं होतं. आणि एके दिवशी, चक्कीखाली उभा असताना, मोबाईल बोलला.

सुरुवातच कशीतरी झाली. कोंबडीची मान मुरगळल्यासारखी, मधनंच. "...मवारी फाट्यावर येते. वर चढणार नाही, सांगून ठेवते. तू खाली यायचंस. मला नोकरी लागलीय, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. हस आता. दोन वर्षं बोटीवर काढायची, तिथनं कुणाशी बोलता यायचं नाही म्हणतात. दुपारच्या गाडीपर्यंत थांबेन. नाही आलास तर मी समजेन काय ते. आणि तो मेंढराच्या वासाचा सदरा घालून येऊ नकोस."

सोनबानं मोबाईल कानापासनं लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिला.

ही कसली बोली? सोमवारी येते, हे नेहमीचं. पण रेश्मा आणि पवनचक्क्या? पंख्यांवर थुंकून गेलेली पोर पंख्यांच्या नोकरीला? आणि सदऱ्याला नावं? त्याची रेश्मा कधी असं वाकडं बोलत नव्हती. म्हणजे मोबाईलमधली.

"यंत्र येडं झालं," तो चक्कीच्या खांबाला म्हणाला.

त्यानं विचारलंसुद्धा, "रेश्मे, काय बोललीस गं आत्ता?"

सावली लगेच म्हणाली, "काही नाही दादा. जेवलास का?"

बघा, झालं ना ठीक, असं त्याला वाटलं. तरी मनात काहीतरी कुरतडत राहिलं. वर पातं फिरत होतं. पात्याला केसाएवढी चीर पडली तर सोनबाला खालनं कान देऊन कळायची. पोरीच्या आवाजातली चीर मात्र त्याला बिघाड वाटली.

सोमवारी सकाळीच तो निघाला. पोरीला भेटायला नव्हे, यंत्र दुरुस्त करायला. वडापच्या जीपमध्ये बसला. फाट्यावर जीप थांबली, शेवंताबाईनं हात केला, ह्यानं पण केला. उंबराखाली कोणी नव्हतं. तेवढं त्यानं बघितलं, का बघितलं ते त्यालाच ठाऊक. जीप पाटणच्या रस्त्याला लागली.

मुनीराच्या दुकानात गर्दी होती. सोनबा बाकावर बसून राहिला. त्याची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

"काय झालं काका?"

"ही टोमणं मारायला लागली."

"कोण?"

"रेश्मा. यंत्रातली. मला म्हनती सदऱ्याला वास मारतो."

मुनीरानं नाक ओढलं. "मारतो की." मग तिचं हसू तिथंच थांबलं. "सावली टोमणे मारत नाही, काका. ती माणसाला परत परत बोलावंसं वाटेल असंच बोलते. तिचा धंदाच तो. आणखी काय म्हणाली?"

सोनबानं सांगितलं. समुद्रातल्या चक्क्या, बोट, दोन वर्षं.

"हे तिच्या जुन्या निरोपांत होतं?"

"कुठनं असनार? तवा ती पंख्यांचं नाव काढू देत नव्हती."

मुनीरानं मोबाईल जवळजवळ हिसकावूनच घेतला. वायर जोडली. "कात्रीनं कापलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात पडतात. मी डबा रिकामा होऊ दिलेला नाही." पडद्यावर तुकडे यायला लागले, एकाखाली एक. नुसता कचरा. आकडे, खुणा, अर्धी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. दिवसचे दिवस त्याच्या पोरीच्या तोंडापुढनं उडवलेले टिळे. मुनीराचं बोट वर सरकत राहिलं, आणि थांबलं.

त्या कचऱ्यात एक ओळ वाचता येत होती.

दादा, मी स्वतः रेश्मा. येत्या सो

त्या काळात जिती माणसं निरोपाची सुरुवात अशीच करायची. मी स्वतः. यंत्रांच्या गलबल्यात माणसानं हात वर करून म्हणावं, अरे मी आहे इथं, तसं. सगळ्या निरोपात तेवढीच काय ती माणसाची ओळख, आणि आंधळ्या कात्रीनं नेमकी तेवढीच उडवलेली.

सोनबाला वाचायला वेळ लागायचा. त्यानं ओठ हलवत वाचलं. परत वाचलं.

"येकदाच हाक मारली," तो म्हणाला. "दादा म्हनून येकदाच. खाली राहून रीत इसरली पोर."

"काका, आज सोमवार आहे."

तो उठला. बाक मागं पडलं. मुनीरानं त्याचा दंड धरला, "थांबा, पहिली ही कात्री काढू दे. खरी रेश्मा परत काही बोलली तर?" तिची बोटं भराभर चालली. "टिळा परत दिसेल आता. प्रत्येक वेळी बोंबलेल."

"बोंबलू दे," सोनबा म्हणाला, "बोंबलू दे त्याच्या आयला."

परतीचं वडाप भरल्याशिवाय निघेना. सोनबा ड्रायव्हरच्या अंगावर ओरडला, मग हात जोडले. ड्रायव्हर त्याला आजन्म ओळखत होता, पण हात जोडताना कधी बघितलेला नव्हता. त्यानं रिकामी जीप काढली. वाटेत खाली जाणारी एसटी आडवी आली, विजेवरची, आवाज न करता सर्रकन निघून गेली. खिडक्यांवर ऊन होतं. आत कोण बसलंय ते दिसलं नाही.

फाट्यावर उतरला तेव्हा उंबराखाली कोणी नव्हतं.

शेवंताबाई टपरीतनं बाहेर आली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सोनबा, सकाळी हिथनंच गेलास की रं! तू गेलास आन् थोड्या वेळानं तुझी पोर उतरली."

सोनबानं एसटी गेलेल्या रस्त्याकडं बघितलं.

"दोन गाड्या सोडल्या तिनं. मी म्हनलं, बाई, वर जा की, तुझंच घर हाय. तर म्हनली, न्हाई, त्यानं खाली यायचं. मी म्हनलं, आगं तो खालीच गेलाय, पाटनला. तर हसली. म्हनली, माझी गाडी यायच्या दिवशीच त्याला बाजार सुचला व्हय." शेवंताबाईनं पदरानं बाकडं पुसलं. "दोन चहा सांगितले हुते. येक प्याली. येक तुझ्या नावाचा."

"हाय का त्यो?"

"येडा का खुळा? कवाच गार झालाय. दुसरा करती."

"न्हाई. त्योच दे."

तिनं आतनं कप आणला. वर साय धरलेली. सोनबा उंबराखाली बसला आणि तो गार चहा त्यानं सगळा प्यायला, तळाच्या साखरेसकट. पोरीला अजून ठाऊक होतं, त्याला गोड लागतो.

मग मोबाईल तोंडापुढं धरला. निरोप धाडायचा होता, पण सुरुवात सुचेना. फाट्यावर वारा फारसा नव्हता. तरी जन्माची सवय, तो म्हणाला, "रेश्मे... ए रेश्मे. मी सोता सोनबा. तुझा बाप. तुझा निरोप आला, पन त्याचं मुंडकं मी आदीच कापून ठिवलं हुतं. यंत्राला पोर म्हनत बसलो आन् पोरीला म्हनलो यंत्र. बिघडलीस म्हनून दुरुस्तीला गेल्तो बग तुला." तो थांबला. आणखी पुष्कळ सांगायचं होतं. "चहा प्यालो. गार हुता. मी खाली आलोय."

अक्षरं गेली. बोट सुटायच्या आधी पोचतील की नाही, पोचली तर ती वाचेल की नाही, वाचली तरी मानेल की नाही, कोण सांगणार? तिनं तरी का मानावं? तिला वाटेल, बापाचं यंत्र बोलतंय.

ऊन उतरायला लागलं. पठारावरच्या चक्क्या खालनं दिसत होत्या, फिरत होत्या, त्यांना कुणाची गरज पडली नव्हती. मोबाईल थरथरला. सोनबा दचकून उठला.

"हा आवाज यंत्राचा आहे," मोबाईल खरखरला. मग गोड आवाजात, "दादा, जेवलास का?"

सोनबाच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "जेवलो गं." मग त्यानं मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाला, जसं कुणी लहान पोराला गप करतं तसं, "गप ऱ्हा बाई आता. माझ्या पोरीचा निरोप यायचाय."

वर जाणारं शेवटचं वडाप आलं. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, "चल की सोनबा, तुझ्या पंख्यान्ला करमायचं न्हाई."

"करमंल. आज मी खालीच हाय."

जीप गेली. धूळ बसली. शेवंताबाईनं टपरीच्या फळ्या लावल्या, पण एक फळी उघडीच ठेवली आणि चुलीत लाकूड सारलं.

मोबाईल परत थरथरला.

सोनबानं तो कानाला लावला आणि श्वास धरला. आता बोंबलेल, आत्ता बोंबलेल म्हणून थांबला. खरखर आली नाही. काहीच आलं नाही. उंबराचं एक पान पडल्याचं ऐकू आलं, एवढं शांत.

"दादा," रेश्मा म्हणाली.

मग जरा थांबून,

"ए दादा."